शिडीच्या बुडाशी दोन सेंटिमीटर

आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर, जमिनीपासून सुमारे पाच मीटर उंचीवर, गिलाव्यात हातभर लांबीचा एक आडवा ओरखडा आहे. सरकत्या शिडीचे वरचे टोक तेथून डावीकडे घसरत गेले आणि पावसाळी पाण्याच्या नळाच्या पकडीला अडकून थांबले, त्याची ती खूण आहे. त्या वेळी मी शिडीवर होतो आणि पन्हळीत साचलेला पालापाचोळा काढत होतो. मागच्या अंगणाची जमीन एका बाजूला उतरती असल्यामुळे शिडीचा डावा पाय अधांतरी राहत होता, म्हणून त्याखाली मी एक चपटा दगड आणि दगडाखाली लाकडाची एक ढलपी सरकवली होती. खाली उभे राहून शिडी हलवून पाहिली तेव्हा ती हलली नाही, आणि तेवढ्यावर माझे समाधान झाले. वर गेल्यावर उजवीकडची पाने काढून मी डावीकडे वळलो, शरीराचा भार डाव्या दांड्यावर आला आणि ढलपी दगडाखालून निसटली. मी पडलो नाही, याचे श्रेय त्या नळाच्या पकडीला आहे. माझ्या पूर्वतयारीला त्यातले काहीही देता येणार नाही.

खाली उतरून मी जागा मोजली तेव्हा दोन्ही पायांच्या पातळीत जेमतेम पाच सेंटिमीटरचा फरक निघाला. एवढ्याशा फरकाने शिडी इतकी कशी सरकली, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत राहिला. उत्तर साध्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब मी आधी केला असता तर दगडाचा उद्योग केलाच नसता.

समजा, शिडीच्या दोन पायांमधले अंतर ४० सेंटिमीटर आहे आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा फक्त २ सेंटिमीटर खाली आहे. म्हणजे वीस भागांना एक भाग असा कल झाला. शिडी आखूड असो वा लांब, हा कल तिच्याबरोबर वरपर्यंत जातो. चार मीटर उंचीवर शिडीचा मध्य २० सेंटिमीटर बाजूला गेलेला असतो आणि सहा मीटरवर ३०. आता शिडीच्या मध्यापासून तिचा प्रत्येक पाय २० सेंटिमीटर अंतरावर आहे. माणसाचे पाय तीन मीटरवरच्या पायरीवर असले की त्याच्या शरीराचा गुरुत्वमध्य साधारण चार मीटरवर येतो, म्हणजे तो नेमका खालच्या बाजूच्या पायाच्या डोक्यावर आलेला असतो. त्यानंतर आणखी एक पायरी चढली, किंवा त्याच बाजूला नुसता हात लांबवला, तरी भार पायांच्या बाहेर पडतो आणि पुढे शिडीला धरून ठेवणारे एकच बळ उरते, ते म्हणजे वरच्या टोकाचे भिंतीवरचे घर्षण. ते किती, हे भिंत कोरडी आहे की ओली, रंग गुळगुळीत आहे की खरबरीत, यावर ठरते. माझ्या बाबतीत पाच सेंटिमीटरांचा फरक होता आणि तो भरून काढणारा दगडच निसटला, त्यामुळे भिंतीच्या घर्षणाकडून मी जी अपेक्षा ठेवली होती ती ओरखड्याच्या रूपाने पूर्ण झाली.

या हिशेबावरून आणखी एक गोष्ट कळते. खाली उभे राहून रिकामी शिडी हलवून पाहणे ही परीक्षाच नव्हे. रिकाम्या शिडीचे वजन तिच्या मध्यावर असते आणि तिच्यावर माणसाच्या हालचाली नसतात. चढल्यावर मात्र भार वर जातो, डावीउजवीकडे झुलतो आणि प्रत्येक पावलागणिक एका दांड्यावरून दुसऱ्यावर जातो. म्हणून पहिल्या पायरीवर दोन्ही पायांनी उभे राहून भार मुद्दाम एका बाजूकडून दुसरीकडे टाकून पाहावा, दोनतीनदा हलकेच गुडघे वाकवून दाब द्यावा, आणि मग खाली उतरून बुडाकडे पाहावे. एखादा पाय मातीत रुतला असेल, बोटभर का होईना सरकला असेल, तर चढण्याची वेळ अजून आलेली नाही.

पुढे बऱ्याच काळाने, आयुष्यभर गवंडीकाम केलेले शेजारचे काका सहज मागच्या अंगणात आले असता मी त्यांना तो ओरखडा दाखवला. त्यांनी भिंतीकडे पाहिलेच नाही, जमिनीकडे पाहिले आणि म्हणाले, “खालची बाजू उचलायला कशाला गेलास? वरची बाजू खाली आण.” मातीच्या जमिनीपुरते बोलायचे तर या विषयावर मी वाचलेल्या सगळ्या सूचनांपेक्षा हे वाक्य अधिक उपयोगी ठरले. विटा, दगड, फळ्यांचे तुकडे, पालथे डबे यांचा थर लावून खालचा पाय उचलला की शिडी आणि जमीन यांच्यामध्ये एक, दोन, कधी तीन सांधे तयार होतात, आणि त्यातला प्रत्येक सांधा निसटू शकतो. उलट, उंच बाजूच्या पायाखालची माती खणून तो पाय खाली उतरवला, तर दोन्ही पाय थेट जमिनीवरच टेकतात आणि खणलेल्या बाजूच्या पायाला चारही बाजूंनी मातीची कडा मिळते, ती वेगळीच.

हे खणणे दिसते तितके सरळ नाही, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो. शिडीचे पाय जेथे येणार त्या दोन जागांवर आधी खुणा कराव्यात. त्या खुणांवरून एक सरळ फळी आडवी ठेवावी, तिच्यावर पाणसळ ठेवावी, आणि पाणसळीतला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत फळीचे खालच्या बाजूचे टोक उचलून धरावे. आता खालच्या बाजूच्या खुणेवर फळी आणि जमीन यांच्यात जे अंतर दिसते, तेवढेच खोल उंच बाजूला खणायचे आहे. येथे मी एकदा चूक केली होती. फळी मीटरभर लांब होती आणि मी अंतर खुणेवर न मोजता फळीच्या टोकाशी मोजले. पाय ४० सेंटिमीटरवर असताना अंतर १०० सेंटिमीटरवरचे घेतले गेले, त्यामुळे खड्डा अडीचपट खोल झाला आणि शिडी विरुद्ध बाजूला कलली. खड्डा शिडीच्या बुटापेक्षा सर्व बाजूंनी थोडा मोठा असावा, त्याचा तळ सपाट असावा, आणि सुटी माती त्यात राहू न देता तळ पहारीच्या बोथट टोकाने किंवा धुमसाने ठोकून घट्ट करावा. खणलेली माती दुसऱ्या पायाखाली घालून काम निम्मे करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण भरावाची माती भाराखाली दबते आणि मूळ जमीन तितकी दबत नाही, त्यामुळे तुम्ही काढलेला फरक चढल्यावर परत येतो.

जमिनीची ही तयारी शिडी उभी करण्यापूर्वी व्हायला हवी, नंतर नव्हे. लांब शिडी भिंतीला टेकण्याआधी काही क्षण सरळ उभी असते, आणि त्या अवस्थेत उतरत्या बाजूला कलंडण्याची तिची ओढ सर्वांत जास्त असते. उभ्या शिडीचा एक पाय उचलून त्याखाली कोणाला तरी काहीतरी सरकवायला सांगणे हा तर निव्वळ आततायीपणा आहे. मी आता शिडी मिटलेल्या अवस्थेतच उभी करतो, सर्वांत खालच्या पायरीवर पाणसळ ठेवून ती पायरी समतल असल्याची खात्री करतो, आणि त्यानंतरच दोर ओढून वरचा भाग वर सरकवतो. वरचा भाग अडकवून ठेवणारे दोन्ही बाजूंचे आकडे पायरीवर पूर्ण बसले आहेत का, हे खालून नीट पाहतो. एकच आकडा बसला असेल तर वरचा भाग तिरपा राहतो आणि खाली केलेली सगळी मेहनत वाया जाते. शेवटी सातआठ पावले मागे जाऊन डोळ्यांसमोर ओळंब्याची दोरी धरतो आणि तिच्याशी शिडीचा मध्य जुळवून पाहतो. घराच्या कोपऱ्याशी जुळवून पाहणे सोपे वाटते, पण घराचा कोपरा ओळंब्यात असेलच याची हमी कोणी द्यावी?

आतापर्यंत जे सांगितले ते डावीउजवीकडच्या उताराबद्दल झाले. जमीन भिंतीपासून दूर, म्हणजे चढणाऱ्याच्या पाठीकडे उतरत असेल तर धोका वेगळ्या जातीचा असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही, कारण शिडीच्या पायऱ्या समतलच असतात. टेकवलेल्या शिडीचा पाय भिंतीपासून दूर सरकू पाहतो आणि जमिनीचे घर्षण त्याला अडवते. शिडीच्या टेकलेल्या लांबीच्या एक चतुर्थांश अंतरावर बूड ठेवावे हा सर्वमान्य नियम आहे, आणि त्याने जमिनीशी सुमारे ७५ अंशांचा कोन होतो. भिंत अगदी गुळगुळीत आहे असे धरले आणि शिडीचे स्वतःचे वजन बाजूला ठेवले, तर या कोनात शिडीच्या टोकाशी पोहोचलेल्या माणसासाठी पायाशी घर्षणाचा गुणांक, म्हणजे घसरणे अडवणाऱ्या बळाचे पायावरच्या दाबाशी असलेले गुणोत्तर, सुमारे ०.२६ लागतो. माणूस मध्यावर असेल तर त्याच्या निम्माच पुरतो. म्हणूनच घसरणारी शिडी बहुधा अर्ध्या वाटेपर्यंत मुकाट्याने साथ देते आणि काम सुरू करण्याच्या उंचीवर पोहोचल्यावर दगा देते. तीच शिडी ६० अंशांवर ठेवली तर लागणारा गुणांक ०.५८ पर्यंत चढतो. आणि कोन बरोबर असूनही जमीन चढणाऱ्याच्या पाठीकडे अवघे ६ अंश उतरत असेल, तर ०.२६ चा ०.३७ होतो, म्हणजे जवळजवळ दीडपट घर्षण हवे. कोरड्या काँक्रीटवर चांगल्या रबरी बुटाला हे सहज जमते. शेवाळलेल्या फरशीवर, ओल्या पानांवर किंवा सुट्या खडीवर ते जमेलच असे मी धरून चालणार नाही.

ब्रिटनमधील आरोग्य व सुरक्षा विभागाची शिड्यांच्या वापरावरील मार्गदर्शिका पाठीकडच्या उतारासाठी ६ अंशांची मर्यादा घालते, तर बाजूच्या उतारासाठी १६ अंशांपर्यंत मोकळीक देते. मात्र त्यासाठी योग्य साधनाने पायऱ्या समतल केलेल्या असाव्यात अशी अट आहे. ६ अंश म्हणजे मीटरभर अंतरात साधारण साडेदहा सेंटिमीटर उतार. १६ अंश म्हणजे ४० सेंटिमीटर अंतरावरच्या दोन पायांत साडेअकरा सेंटिमीटरांचा फरक. बाजूचा कल पाय लांबआखूड करून किंवा खणून पूर्णपणे काढून टाकता येतो, पाठीकडच्या उतारावर मात्र शिडीचे पाय लांबआखूड करून काहीच साधत नाही, म्हणून दोन आकड्यांत एवढा फरक असावा, असे मला वाटते. पाठीकडच्या उतारावर माती असेल तर दोन्ही पायांसाठी समतल तळाचा एकच आडवा चर खणावा. त्याची बाहेरची कडा पायांना मागे सरकू देत नाही. जमीन भिंतीकडे उतरत असेल तर हाच हिशेब आपल्या बाजूने लागतो, पण तशा ठिकाणी पाणीही भिंतीपाशीच साचते आणि माती मऊ असते, हे विसरू नये.

कोन मोजण्याबद्दल थोडेसे. एक चतुर्थांशाचे अंतर उतारावरून पावले टाकून मोजू नये, कारण नियमातले अंतर आडव्या रेषेतले आहे. त्यापेक्षा शरीराने मोजणे सोपे आणि उतारावरही बरेच विश्वासार्ह आहे. शिडीच्या पायांना पावलांची बोटे टेकवून ताठ उभे राहावे आणि हात खांद्याच्या पातळीत समोर सरळ करावेत. तळवे पायरीपर्यंत नेमके पोहोचले तर कोन जवळपास बरोबर आहे. फक्त ताठ म्हणजे खरोखर ताठ उभे राहावे. उतारावर आपण नकळत पुढे किंवा मागे झुकतो.

जेथे खणता येत नाही, म्हणजे फरशी, काँक्रीट किंवा खडकाळ जमीन असेल तेथे, शिडीच्या दांड्यांना बसवायचे सरकते पाय हा मला पटलेला एकमेव उपाय आहे. प्रत्येक दांड्याच्या खालच्या टोकाला एक जादा पाय बोल्टने पक्का केलेला असतो, तो वेगवेगळ्या लांबीवर सोडता येतो आणि दातेरी पट्टीत किंवा खटक्यात अडकून तेथेच थांबतो. दुसऱ्या एका प्रकारात दोन्ही पाय एका कंसाकार पट्टीवर असतात आणि शिडी उभी करताना ती पट्टी उताराप्रमाणे आपोआप फिरते, मग ती जागच्या जागी कुलूपबंद करायची असते. दोन्ही प्रकार चांगले आहेत. दोन्हींत खरी जोखीम एकच आहे: खटका बसल्यासारखा वाटतो, पण दात पूर्ण गुंतलेले नसतात. म्हणून प्रत्येक वेळी त्या बाजूच्या दांड्यावर आपले वजन टाकून खात्री करावी. हे पाय आपल्या शिडीच्या दांड्याच्या आकाराला जुळणारे आणि शिडीच्या उत्पादकाने मान्य केलेले असावेत. मन मानेल तेथे भोके पाडल्याने दांडा नेमका जेथे सर्वाधिक ताण येतो तेथेच दुबळा होतो. शिडीवर माणूस असताना त्यांना हात लावण्याचा प्रश्नच येत नाही. फरक या पायांच्या आवाक्यापेक्षा जास्त असेल तर पायांखाली पुन्हा वीट सरकवायची नाही. असे कोणी करणार नाही असे वाटते, पण मी ते पाहिले आहे. महागडा समतल पाय, आणि त्याखाली फुटकी वीट.

पायऱ्यापायऱ्यांच्या जिन्यावर शिडी उभी करणे हा वेगळाच विषय आहे. तेथे दोन पायांतला फरक एका पायरीएवढा असतो आणि प्रत्येक पायाला टेकायला रुंदी कमी मिळते, त्यामुळे जिन्यासाठी वेगळी बनवलेली शिडी किंवा फलाट वापरावा, एवढेच सांगून मी पुढे जातो.

मऊ जमिनीचा त्रास असा की ती शिडी उभी करताना समतल असते आणि चढल्यावर असमतल होते. भार दोन्ही पायांवर सारखा येत नाही, त्यामुळे एक पाय जास्त रुततो. बऱ्याच शिड्यांच्या बुटांना एका बाजूला रबर आणि दुसऱ्या बाजूला टोकदार दाते असतात. बूट फिरवून दाते मातीत रोवता येतात. दाते घसरणे थांबवतात, रुतणे थांबवत नाहीत. रुतू नये म्हणून दोन्ही पायांखाली मिळून एकच जाड, रुंद फळी घालावी, तिच्या मागच्या कडेवर एक आडवी पट्टी ठोकून पाय मागे सरकणार नाहीत अशी सोय करावी, आणि फळी स्वतः सरकू नये म्हणून तिच्यामागे दोन मेखा ठोकाव्यात. फळीखालची जमीन मात्र आधी समतल केलेली असली पाहिजे. उंचसखल जमिनीवर टाकलेली फळी मधेच टेकून राहते आणि लहान मुलांच्या सी-सॉसारखी दोन्हीकडे डुलते.

युरोपातील ईएन १३१ या मानकाच्या २०१८ पासून लागू झालेल्या आवृत्तीनुसार तीन मीटर किंवा त्याहून लांब टेकवायच्या शिड्यांना बुडाशी रुंदी वाढवणारा आडवा दांडा असावा लागतो. वरच्या हिशेबाकडे पाहिले तर त्याचे कारण लगेच ध्यानात येते. बूड जितके रुंद, तितका मध्य बाजूला जायला वाव जास्त. एकसारख्या उतारावर याचा फायदा मिळतो, पण कल तेवढाच राहतो, तो काही रुंद बुडाने जात नाही. आणि खाचखळग्यांच्या जमिनीवर रुंद दांड्याची दोन टोके अशा दोन जागा शोधून काढतात की ज्यांच्या पातळीत, जवळजवळ असलेल्या दोन पायांपेक्षा, जास्त फरक असू शकतो. म्हणून रुंद बुडाची शिडी आणली की पाणसळ अडगळीत टाकावी, असे होत नाही.

वरच्या टोकाला लावायच्या रुंद आधाराच्या बाबतीतही माझे मत असेच दुहेरी आहे. दोन बाहूंचा हा आधार शिडीला पन्हळीपासून दूर धरतो, खिडकीच्या दोन्ही बाजूंना टेकता येतो आणि वरचे टोक एका दांड्यावर गिरकी घेण्याची शक्यता बरीच कमी करतो. पन्हळीवर शिडी टेकणे तर टाळलेच पाहिजे, कारण पातळ पत्रा किंवा प्लास्टिक भाराखाली दबते आणि त्यावर दांडा सहज घसरतो. पण खाली कललेली शिडी वर रुंद आधार लावल्याने सरळ होत नाही. फक्त तिचा डुगडुगाट कमी होतो आणि चढणाऱ्याला मिळणारी सूचना नाहीशी होते.

बांधण्याला मात्र मी कधीच फाटा देत नाही. बुडाशी दोन्ही बाजूंना मजबूत मेखा, टोके शिडीपासून बाहेरच्या बाजूला कललेली, आणि त्यांना खालच्या पायरीजवळ दांडे बांधलेले. वर, भिंतीत किंवा छताच्या लाकडात पक्क्या बसवलेल्या कडीला दोन्ही दांडे बांधलेले. दोर दांड्यांना बांधावा, पायरीला नव्हे. पन्हळ, तिचे नळ, खिडकीची चौकट या गोष्टी बांधण्याच्या कामाच्या नाहीत; नळाच्या पकडीने माझा जीव वाचवला असला तरी तिच्या नशिबी ते काम पुन्हा यावे अशी माझी इच्छा नाही. छतावर उतरायचे असेल तर शिडीचे दांडे छताच्या कडेच्या वर किमान ९० सेंटिमीटर असावेत, म्हणजे उतरताना आणि परत पाऊल ठेवताना धरायला आधार राहतो.

यात एक अडचण उरते, आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. वरचे टोक बांधण्यासाठी कोणीतरी न बांधलेल्या शिडीवरून एकदा वर जावेच लागते, आणि सर्वांत धोक्याची चढण तीच असते. त्या चढणीसाठी खाली एक माणूस उभा असावा, त्याने दोन्ही दांडे धरून सर्वांत खालच्या पायरीवर पाऊल दाबून ठेवावे, आणि वर जाणाऱ्याने बांधण्याखेरीज दुसरे कोणतेही काम हाती घेऊ नये. पण खाली धरणाऱ्यावर किती विसंबायचे, हेही नीट समजून घ्यावे. त्याचे वजन पाय मागे घसरू देत नाही, हे खरे आहे. बाजूला कलणाऱ्या शिडीसाठी मात्र तो जवळजवळ निरुपयोगी असतो: तो साधारण १.२ मीटरवर धरतो, शिडीचे टोक सहा मीटरवर असते, त्यामुळे टोकाशी बाजूने लागलेला प्रत्येक किलोचा जोर त्याला खाली पाच किलोंनी तोलावा लागतो. शिडी खरोखर कलली तर ती धरून ठेवण्याऐवजी तिच्याखाली सापडणाराच तो पहिला माणूस असतो.

चढल्यावरची शिस्त सपाट जमिनीवर असते तीच, फक्त तिच्यात सवलत नाही. तीन अवयव सतत शिडीवर, हत्यारे कमरेच्या पट्ट्यात किंवा दोराने वर ओढून घेतलेली, आणि बेंबी दोन दांड्यांच्या मधे. हात पोहोचत नसेल तर खाली उतरून शिडी सरकवायची. असमतल जमिनीवर याचा अर्थ दुसऱ्या जागी पुन्हा पाणसळ, पुन्हा खड्डा आणि पुन्हा मेखा असा होतो, आणि नेमक्या त्याच कंटाळ्यापोटी माणूस “एवढाच हात लांबवतो” म्हणतो. मीही तेच म्हणत होतो. विजेच्या तारा जवळ असतील तर जमिनीची पातळी हा दुय्यम प्रश्न ठरतो; ॲल्युमिनियमची शिडी कलली किंवा पडली तरी तारेजवळ पोहोचणार नाही इतके अंतर ठेवावे, आणि ते शक्य नसेल तर वीजपुरवठा बंद करून घेतल्याशिवाय शिडी उभीच करू नये.

आमच्या मागच्या भिंतीशी शेवटी मी दर वेळचे खणणे थांबवले. पन्हळ साफ करायला वर्षातून किमान दोनदा तीनच ठिकाणी शिडी लागते, म्हणून त्या तिन्ही ठिकाणी उताराची माती कापून, तळ ठोकून, प्रत्येकी एक रुंद खडबडीत फरशी समतल बसवली आणि बाहेरच्या कडेला पाय अडतील असा उंचवटा ठेवला. भिंतीत वर तीन पक्क्या कड्या बसवून घेतल्या. त्या बसवायला आलेल्या माणसांनी परांची बांधली होती, शिडी नव्हे. चौथ्या कोपऱ्यात, जेथे झाडाच्या मुळांनी जमीन उचलली आहे आणि उतार बाजूला आणि पाठीकडे असा दोन्हीकडे आहे, तेथे मी शिडी लावत नाही. ते काम परांचीवाल्यांकडे सोपवले आहे. पहिल्या पावसानंतर पाणसळ घेऊन फरश्या तपासल्या तेव्हा दोन जागच्या जागी होत्या. तिसरी एका बाजूला अर्धा सेंटिमीटर बसली होती. ती उचलून, खालची माती पुन्हा ठोकून बसवली आणि पन्हळीचे काम पुढच्या आठवड्यावर ढकलले.